मतभेदाला गुण किती?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत नजरबाद, म्हैसूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना आम्हांस या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल आम्ही चिटणीसांचे ऋणी आहोत. विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. केंद्र सरकारच्या नोकरीत तीन दशके घालविलेला मनुष्य बोलेल तो निवृत्तिवेतनावर किंवा फार तर प्राप्तिकरावर, असा त्यांचा कयास असावा. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका कशी तपासावी, हा विषय आम्ही सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग 'चहा आधी ठेवू की नंतर?' एवढेच त्यांनी विचारले. त्यांची शंका रास्त होती. आम्ही प्राध्यापक नाही. आमची पदवी बी.ए.ची, तीही पस्तीस वर्षांपूर्वीची. परंतु या विषयावर बोलण्यास आमच्यापाशी दोन आधार आहेत. एक म्हणजे आम्ही एकदा तपासले गेलो आहोत. आणि दुसरा म्हणजे पुढे नोकरीत दरवर्षी दुसऱ्यांना तपासण्याचे काम आमच्याकडे आले. या दोन्हींत आम्ही काय शिकलो, ते आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रारंभी आपण जेथे बसलो आहोत त्या नजरबादचाच दाखला घेऊ. टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडला, त्याचे दगड इकडे आणविले आणि या बाजूस नवा किल्ला बांधावयास घेतला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, म्हैसूरची गादी पुन्हा वडियार घराण्याकडे आली आणि तेच दगड उलट वाहून नेऊन म्हैसूरचा किल्ला पुन्हा उभारण्यात आला. दगड तेच होते. बांधणारा निराळा, हेतू निराळा आणि रचनाही निराळी. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका पाहताना आम्हांला या दगडांची आठवण होते. पाठ्यपुस्तकातील वाक्ये सर्वांना सारखीच मिळालेली असतात. साठ उत्तरपत्रिकांत तीच साठदा वाचावी लागतात. परीक्षकाने पाहावयाचे असते ते, या दगडांचे विद्यार्थ्याने काही बांधले, की नुसताच ढीग रचला.

इतर विषयांत ही अडचण एवढी तीव्र नसते. बेरीज चुकली की चुकली. पानिपतची तिसरी लढाई १७६१ मध्ये झाली. १७६२ लिहिणाऱ्याचा गुण जातो आणि कोणी तक्रार करीत नाही. तत्त्वज्ञानात मात्र जे प्रश्न विचारले जातात त्यांची उत्तरे खुद्द परीक्षकाजवळही ठाम नसतात. मनुष्याला इच्छास्वातंत्र्य आहे काय? ईश्वर आहे काय? जग खरे की भासमान? अडीच हजार वर्षे ज्यांवर थोरामोठ्यांचे एकमत झाले नाही, त्यांवर अठरा वर्षांच्या मुलाने अडीच तासांत लिहावयाचे आणि कोणीतरी त्याला वीसपैकी गुण द्यावयाचे, हा प्रकार मुळातच विचित्र आहे.

येथे भाषेची एक गंमत नजरेस आणतो. आपण मराठीत या विषयाला 'तत्त्वज्ञान' म्हणतो. आपले कन्नड शेजारी त्याला 'तत्त्वशास्त्र' म्हणतात. आमची मुलगी येथील शाळाकॉलेजांत शिकली. तिने आम्हांला एकदा विचारले, 'बाबा, आपल्या मराठीत ते ज्ञान का आणि यांच्यात शास्त्र का?' त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पुढे विचार केला तेव्हा वाटले, की निदान परीक्षेपुरता कन्नड शब्द अधिक सोयीचा आहे. तत्त्वाचे ज्ञान कोणाला झाले आणि कोणाला नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही परीक्षकाला नाही. शास्त्र, म्हणजे विचार करण्याची शिस्त, ती मात्र कागदावर दिसते, तपासता येते आणि तिला गुणही देता येतात.

हे शहाणपण आम्हांला आयते मिळालेले नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षी, नाव घेण्याचे कारण नाही अशा एका महाविद्यालयात, आम्हांला सहामाही परीक्षेत प्रश्न आला होता: 'मायावादाचे स्वरूप स्पष्ट करून त्याचे मूल्यमापन करा.' आम्ही एकोणीस वर्षांचे होतो आणि 'मूल्यमापन करा' ही आज्ञा खरी मानण्याइतके भोळे होतो. दोरीवर साप दिसतो तसे ब्रह्मावर जग दिसते, हे आम्ही लिहिले. पण पुढे असेही लिहिले, की साप पाहणारा दोरीहून निराळा कोणीतरी असतो. येथे तो कोण? भ्रम ब्रह्माला झाला म्हणावे तर ब्रह्म हे ज्ञानस्वरूप. जीवाला झाला म्हणावे तर जीव हाच मुळी भ्रमातून उत्पन्न झालेला. मग हे अज्ञान राहते कोठे? आम्हांला वाटले, आपण काहीतरी विचार केला. उत्तरपत्रिका परत आली तेव्हा समासात लाल शाईने लिहिले होते: 'आचार्यांवर टीका करण्याआधी आचार्य वाचा.' गुण वीसपैकी सात.

आमच्या शेजारी बसणाऱ्या मित्राने पुस्तकातील दीड पान जसेच्या तसे उतरविले होते. त्याला चौदा मिळाले. तो मनाने सरळ होता; त्यालाच अधिक ओशाळल्यासारखे झाले. आम्ही एम.ए.ला तत्त्वज्ञान घेण्याचा विचार त्याच वर्षी सोडला आणि पदवी मिळताच स्पर्धापरीक्षेचा अर्ज भरला. एका शेऱ्यामुळे आयुष्य बदलले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. घरची परिस्थितीही नोकरीच मागत होती. परंतु तो कागद आम्ही फेकला नाही. बदलीमागून बदली झाली, ट्रंका बदलल्या, पण कागद बरोबर राहिला.

म्हैसूरला बदली झाल्यावर दुसऱ्याच वर्षी आम्ही कुटुंबासह मेलुकोट्यास गेलो. येथून पन्नासएक किलोमीटरवरचे ते क्षेत्र रामानुजाचार्यांच्या वास्तव्याने पुनीत झालेले आहे, हे आपण सर्व जाणताच. तेथून आल्यावर रामानुजांविषयी काही वाचावे म्हणून पुस्तके मिळविली. श्रीभाष्यात मायावादावर घेतलेले सात आक्षेप आहेत. त्यांना सप्तविध अनुपपत्ती म्हणतात. त्यांतील पहिली आश्रयानुपपत्ती. तिचा सारांश असा, की अविद्येचा आश्रय कोणता? ब्रह्म म्हणावे तर ते ज्ञानस्वरूप, जीव म्हणावा तर तो अविद्येचेच कार्य. आम्ही पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तसेच बसून राहिलो. एकोणिसाव्या वर्षी आम्हांला जे सुचले आणि ज्याबद्दल आम्ही सातवर बसलो, तो वेदान्ताच्या इतिहासातील एक मान्यवर आक्षेप होता; आठ-नऊशे वर्षांपूर्वी एका आचार्यांनीच तो दुसऱ्या आचार्यांवर घेतला होता.

बंधुभगिनींनो, आमचे भाषण येथेच संपले असते तर ते एका जुन्या जखमेचे प्रदर्शन ठरले असते. पण वाचन पुढे चालू ठेवल्यावर दुसरी गोष्टही समजली. या आक्षेपाला अद्वैत्यांनी उत्तरे दिलेली आहेत, आणि तीही एक नव्हे. भामतीच्या परंपरेने अविद्येचा आश्रय जीव मानला. अविद्या आणि जीव ही दोन्ही अनादि असल्याने अडचण उरत नाही, असे तिचे म्हणणे. विवरणाच्या परंपरेने आश्रय ब्रह्मच मानले. ती उत्तरे पटोत वा न पटोत, ती आहेत. आणि आमच्या त्या उत्तरपत्रिकेत त्यांचा मागमूस नव्हता. समोरचा पक्ष यावर काय म्हणेल, हा प्रश्नच आमच्या मनात आला नव्हता. तेव्हा तो लाल शेरा कठोर होता, पण अगदी निराधारही नव्हता. आचार्य आम्ही खरोखरच वाचले नव्हते.

मग त्या उत्तराला न्याय्य गुण किती? येथील एका महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचा प्रारंभिक वर्ग शिकविणारे आमचे एक स्नेही आहेत. परीक्षेच्या हंगामात पुष्कळदा ते उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आमच्या व्हरांड्यात येऊन बसतात. कारंजी तळ्याकडून वारा येतो आणि काम हलके होते, असे त्यांचे म्हणणे. त्यांची पद्धत आम्ही जवळून पाहिली आहे. वीस गुणांचे ते चार वाटे करतात. ज्या मताचा विचार करावयाचा ते मत नीट समजून मांडले, याला सहा. स्वतःचे म्हणणे काय आणि त्याला कारण काय, याला सहा. आपल्या म्हणण्यावर दुसरी बाजू काय आक्षेप घेईल आणि त्याला उत्तर काय, याला पाच. भाषेचा नेटकेपणा, म्हणजे एक शब्द एकाच अर्थाने शेवटपर्यंत वापरला की नाही, याला तीन. अंतिम निष्कर्ष कोणता, याला एकही गुण नाही.

एके दिवशी आम्ही ट्रंकेतील तो कागद काढून, आमचे नाव झाकून, त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि गुण दिले. मत मांडणीला सहांपैकी चार. कारण अद्वैती जगाला नुसते 'खोटे' म्हणत नाहीत, सत् आणि असत् या दोहोंहून निराळे, अनिर्वचनीय म्हणतात, आणि ते या मुलाच्या ध्यानात आलेले नाही. कारणमीमांसेला सहांपैकी पाच. प्रतिपक्षाच्या उत्तराला शून्य. भाषेला पूर्ण तीन. एकूण बारा. आणि खाली एक ओळ लिहिली: 'आक्षेप चांगला आहे, आता अद्वैत्याच्या जागी बसून त्याला उत्तर द्या.'

बारा आणि सात यांत पाच गुणांचे अंतर आहे. पण खरे अंतर त्या दोन शेऱ्यांत आहे. पहिल्या शेऱ्याने दार लावले. दुसऱ्याने पुढची खोली दाखविली. दोन्ही शेऱ्यांत सांगितलेली उणीव एकच आहे, हे विशेष.

आपणांपैकी कोणी विचारील, की निष्कर्षाला गुणच नसतील तर मग तत्त्वज्ञानात कोणीही काहीही लिहावे काय? नाही, उलट ही पद्धत अधिक कडक आहे. उदाहरणार्थ, 'ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करता येते काय?' हा प्रश्न घेऊ. एक विद्यार्थी लिहितो, 'होय. कारण आजी आजारी असताना आम्ही प्रार्थना केली आणि ती बरी झाली.' भावना आदरणीय आहे, पण प्रार्थना करूनही न बरे झालेले आणि प्रार्थना न करताही बरे झालेले रोगी आहेतच. न्यायशास्त्राच्या भाषेत हा हेतू सव्यभिचार आहे. तो साध्य असेल तेथेही आढळतो आणि नसेल तेथेही. दुसरा लिहितो, 'नाही. कारण विज्ञानाला ईश्वर अद्याप सापडलेला नाही.' न सापडणे हे नसण्याचे प्रमाण केव्हा होते? जी वस्तू असती तर तेथे दिसलीच असती, तिच्याबाबतीत. टेबलावर घागर नाही हे पाहून कळते. पिशाच नाही हे तसे कळत नाही. तेव्हा या दोन्ही मुलांना सारखेच कमी गुण. आस्तिकाला सतरा मिळू शकतात आणि नास्तिकालाही सतरा मिळू शकतात. दोघांनाही पाचावर समाधान मानावे लागू शकते. आमचे स्नेही स्वतः नित्य देवपूजा करणारे गृहस्थ आहेत. त्या वर्षी त्यांनी सर्वांत अधिक गुण दिले ते एका निरीश्वरवादी मुलीला. गुण लिहिताना त्यांचा हात किंचित थांबला, हे आम्ही पाहिले. पण तो थांबून पुढे गेला.

हा दंडक पाश्चात्त्यांकडून आला, अशी समजूत असेल तर ती बरोबर नाही. आपल्याकडे ग्रंथ लिहावयाचा तर आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तो असा की प्रतिपक्षी स्वतः उठून उभा राहिला तरी 'हेच माझे म्हणणे' असे म्हणेल. चौदाव्या शतकात, विजयनगरच्या काळात, माधवाचार्यांच्या नावे असलेला सर्वदर्शनसंग्रह झाला. आजच्या भाषेत तो तत्त्वज्ञानाचा प्रारंभिक अभ्यासक्रमच होय. त्याचे पहिले प्रकरण चार्वाकाचे आहे. ज्यांनी वेद मानले नाहीत, परलोक मानला नाही, त्यांचे म्हणणे एका वेदान्त्याने सर्वांआधी सविस्तर सांगितले. आमच्यासारख्या सरकारी माणसाने कौटिल्याचेही स्मरण केले पाहिजे. त्याचे अर्थशास्त्र ज्या हस्तलिखितावरून उजेडात आले ते याच म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात १९०५ मध्ये शामशास्त्रींच्या हाती आले आणि १९०९ मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. त्या ग्रंथात राजपुत्राने शिकावयाच्या विद्यांमध्ये प्रथम नाव आन्वीक्षिकीचे आहे, आणि तिच्यात सांख्य व योग यांच्या जोडीला लोकायतही घातले आहे. राज्य चालविणाऱ्याला चार्वाकाचे म्हणणे ठाऊक असलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ.

तत्त्व इतके जुने असूनही ते पाळणे कठीण आहे, आणि मोठमोठ्यांनाही ते नेहमी साधलेले नाही. याची दोन उदाहरणे देतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८६२ मध्ये बी.ए.च्या पहिल्या तुकडीत. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे गुरू होते सर अलेक्झांडर ग्रँट. हे ग्रँटसाहेब साधे गृहस्थ नव्हेत. अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे ते नामांकित अभ्यासक. त्या ग्रंथाची त्यांची आवृत्ती १८५७ मध्ये निघाली होती. रानड्यांच्या चरित्रांत अशी हकीकत येते, की विद्यार्थिदशेत त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला उणे ठरविले. ग्रँटसाहेबांनी त्यांना बोलावून घेतले, जे सरकार तुम्हांला शिकवीत आहे त्याची निंदा करणे बरे नव्हे अशा अर्थाची समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. निबंधातील कोणते प्रमाण कच्चे होते, कोणते अनुमान फसले, याची चर्चा या हकीकतीत कोठेच येत नाही. शिक्षा झाली ती निष्कर्षाला. रानड्यांचे मोठेपण असे, की गुरूविषयीचा त्यांचा आदर त्यानंतरही कमी झाला नाही. आणि मराठी सत्तेचा विषयही त्यांनी सोडला नाही. १९०० मध्ये त्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

दुसरे उदाहरण मद्रासचे. १९०८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने एम.ए.साठी वेदान्तातील नीतिविचारावर प्रबंध लिहिला. वेदान्तात नीतीला जागा नाही, असा जो आक्षेप मिशनरी मंडळी घेत असत, त्याला ते उत्तर होते. आणि तो वाचणारे प्राध्यापक ए. जी. हॉग हे स्वतः ख्रिस्ती मिशनरी होते. आपला प्रबंध गुरूंना रुचणार नाही, अशी धास्ती त्या विद्यार्थ्याच्या मनात होती. हॉगसाहेबांनी तो वाचला आणि त्याची मोकळ्या मनाने प्रशंसा केली. तो विद्यार्थी म्हणजे सर्वपल्ली राधाकृष्णन. दहा वर्षांनी, १९१८ मध्ये, ते आपल्या या म्हैसूरच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आले. विद्यापीठ त्या वेळी अवघे दोन वर्षांचे होते. १९२१ मध्ये ते कलकत्त्यास जाण्यास निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः स्टेशनापर्यंत ओढीत नेली, ही गोष्ट या गावात आजही सांगितली जाते. ५ सप्टेंबरला आपली मुले शिक्षकदिनाची फुले घेऊन निघतात, तेव्हा आम्हांला हॉगसाहेबांचीही आठवण होते.

ग्रँट हे विद्वत्तेने हॉग यांच्याहून कमी होते, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न विद्वत्तेचा नाहीच. आपल्याला न पटणाऱ्या उत्तरापुढे बसून 'हे चांगले लिहिले आहे' एवढे तीन-चार शब्द लिहिण्याचे बळ परीक्षकाजवळ आहे की नाही, हा आहे.

अर्थात या पद्धतीतही अडचणी आहेत. तीच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे दिली तर गुण तेच पडतील, याची हमी नाही. म्हणून विद्यापीठे नमुना उत्तरे छापून देतात. आणि मग जे उत्तर नमुन्याशी जुळेल ते चांगले, अशी सवय लागते. ज्याच्यापाशी स्वतःचा विचार आहे त्याचे नुकसान येथे सर्वांत अधिक होते. हल्ली तर घरी लिहावयास दिलेला निबंध यंत्राकडून लिहून घेता येतो आणि तो नमुन्याला तंतोतंत जुळतो. आमच्या स्नेह्यांनी यावर जुनाच उपाय काढला आहे. निबंध हाती आला की ते मुलाला पाच मिनिटे समोर बसवितात आणि विचारतात, 'तुझ्या या मतावर सर्वांत जड आक्षेप कोणता?' ज्याने विचार केला आहे तो अडखळत का होईना बोलतो. ज्याने केलेला नाही त्याची भाषा कितीही गुळगुळीत असली तरी तो तेथे थांबतो.

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे येतो. तो सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

सरकारी नोकरीत वरिष्ठाने कनिष्ठाचा वार्षिक अहवाल लिहावयाचा असतो. पूर्वी तो गोपनीय असे. फक्त प्रतिकूल शेरा तेवढा कळविला जाई. २००८ मध्ये देवदत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळविलीच पाहिजे असा निर्णय दिला, आणि २००९ पासून केंद्र सरकारात संपूर्ण अहवाल दाखविण्याची पद्धत सुरू झाली. दहापैकी गुण देणेही आले. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने विद्यार्थ्यालाही आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येईल, असे ठरविले. तपासणाऱ्याने आपले कारण उजेडात ठेवावे, हे तत्त्व अशा रीतीने कार्यालयात आणि महाविद्यालयात जवळजवळ एकाच वेळी आले.

काही वर्षांपूर्वी आमच्या हाताखाली एक तरुण अधिकारी होता. कार्यालयातील जुनी यंत्रे दुरुस्त करून घ्यावीत की नवी घ्यावीत, या प्रकरणात आम्ही दिलेल्या मताविरुद्ध त्याने फाइलवर दीड पानाची टिपणी लिहिली. आम्ही ती बाजूस सारून निर्णय घेतला. तो आमचा अधिकारच होता. पण वर्षअखेरीस अहवाल लिहिताना आमच्या लेखणीतून उतरले, 'वरिष्ठांच्या मताचा आदर करण्याची वृत्ती वाढविणे आवश्यक,' आणि गुण पडले साडेपाच. त्याच्या बढतीसाठी निदान सहा हवे होते. हे आम्हांला ठाऊक नव्हते, असे आम्ही म्हणू शकत नाही.

त्याने नियमाप्रमाणे निवेदन दिले. त्यावर आमचा अभिप्राय मागविण्यात आला. त्या संध्याकाळी आम्ही ती टिपणी प्रथमच नीट वाचली. तिच्या पहिल्या अर्ध्या पानात त्याने आमचे मत मांडले होते, आणि आम्ही स्वतः फाइलवर मांडले होते त्याहून अधिक स्पष्टपणे. पुढे आपला आक्षेप, त्याचे आकडे, आणि शेवटी आमच्याकडून कोणते उत्तर येऊ शकेल आणि ते का पुरेसे नाही, हेही. पूर्वपक्ष, आक्षेप, समाधान. काहीही राहिले नव्हते. स्नेह्यांच्या हिशेबाने त्या टिपणीला वीसपैकी अठरा पडले असते. आणि आम्ही तिच्या समासात काय लिहिले होते? पस्तीस वर्षांपूर्वी लाल शाईत आमच्या समासात जे लिहिले गेले, त्याचेच सरकारी भाषांतर.

आम्ही अभिप्रायात लिहिले, की आमचा शेरा कामावर नसून मतभेदावर होता, तो मागे घ्यावा आणि गुण वाढवावेत. ते साडेसात झाले. ते लिहिताना बरे वाटले, असे नाही; आपल्या सहीखाली आपली चूक कबूल करणे कोणत्याच अधिकाऱ्याला सोपे नसते. यंत्रांच्या बाबतीत शेवटी कोणाचे मत खरे ठरले, हे आपण विचाराल. ते आम्ही मुद्दाम सांगत नाही. त्याचे मत चुकीचे ठरले असते तरी ती टिपणी अठरा गुणांचीच होती.

आता समारोप. आपण घरापासून दूर राहिलेली माणसे. आपली मुले कन्नडात खेळतात, इंग्रजीत शिकतात आणि घरी मराठीत बोलतात. ती आपल्याशी वाद घालतात तेव्हा आपल्याला वाटते, परमुलखात राहून मुले हाताबाहेर गेली. गणपतीचा उत्सव असाच का, गावाकडच्या जमिनीचे काय करावयाचे, लग्न कोणाशी, देव आहे का. प्रश्न कोणताही असो, त्या क्षणी आपण एक उत्तरपत्रिका तपासत असतो. 'आमच्या वेळी असे नव्हते' हा लाल शाईचा शेरा आहे. 'तुझे म्हणणे समजले. आता माझ्या जागी बसून त्याला उत्तर दे' हा दुसरा शेरा आहे. दुसरा लिहिण्यास वेळ अधिक लागतो, आणि मूल कधी कधी खरोखरच आपल्या जागी बसून आपल्याहून चांगले उत्तर देते, हा धोकाही आहे.

मंडळाला शेवटी एक सूचना. दरवर्षी आपण मुलांची निबंधस्पर्धा घेतो. बक्षिसे देतो आणि निबंध कपाटात पडून राहतात. या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून प्रत्येक निबंध मुलाला परत द्यावा. त्यावर गुण का दिले आणि का कापले हे दोन ओळींत लिहिलेले असावे. आणि निदान एक बक्षीस अशा निबंधाला असावे, की ज्याचे मत परीक्षकांना मुळीच पटलेले नाही. बक्षिसाची रक्कम आम्ही देऊ. परीक्षक मिळविणे मात्र चिटणीसांच्या अंगावर आहे, आणि तेच काम कठीण आहे.

 ज्यांना हे विचार पटले नसतील त्यांनी आपले आक्षेप अवश्य सांगावेत. चहा नंतरच ठेवला आहे.